टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं आणि इस्ट्रोजेन बायकांचं?

तुम्ही विचारलंय की वाय गुणसूत्र सोडलं तर नर-मादीची जनुकं सारखीच, मग हार्मोनमुळे दोघांच्या मेंदूत वेगवेगळी जनुकं चालू-बंद होतात ती कशी? आणि मेंदूला ‘पुरुषी’ करतं ते टेस्टोस्टेरॉनच ना?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गाडी अडते ती तिथेच. उंदराचं नर पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं वजन असतं जेमतेम एक-दीड ग्रॅम. काही तासांतच त्याच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉनची लाट येते. ती मेंदूत पोचली की तिथलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम त्यातल्या काही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, करतं, आणि उंदराच्या मेंदूला नराचं वळण बऱ्याच अंशी हे इस्ट्रॅडिओलच लावतं. होय, आपण ज्याला बायकांचं हार्मोन म्हणतो तेच! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटून मागचं पान पुन्हा उघडलं होतं. मग गर्भातल्या मादी पिल्लाचा मेंदू इस्ट्रोजेनपासून कसा बचावतो? तिच्या रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन इस्ट्रोजेनला धरून ठेवतं, मेंदूपर्यंत जाऊ देत नाही.

आता जनुकांकडे येऊ. इस्ट्रॅडिओल पेशीतल्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, रिसेप्टरांची जोडी जमते आणि ती डीएनएवर आपली जागा शोधते. नमुन्याची जागा डीएनएच्या ए, जी, टी, सी या अक्षरांत अशी: एजीजीटीसीए, मग कुठलीही तीन अक्षरं, मग टीजीएसीसीटी. समोरच्या धाग्यावर उलट दिशेनं वाचलंत तर तेच अक्षर न् अक्षर मिळतं. म्हणूनच तिथे जोडी बसते. ती बसली की आजूबाजूचं गुंडाळलेलं डीएनए मोकळं होतं आणि जवळची किंवा लांबचीही जनुकं वाचली जाऊ लागतात.

2022 मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या जेसिका टोलकून यांच्या गटानं उंदराच्या मेंदूत हे रिसेप्टर नेमके कुठे बसतात ते दाखवलं. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही: मोठ्या झालेल्या नर-मादींना सारखंच इस्ट्रॅडिओल दिलं तर दोघांच्या जनुकांचा प्रतिसादही जवळपास सारखाच येतो. म्हणजे यंत्रणा दोघांकडे एकच. फरक पडतो तो हार्मोन कधी आलं यानं. जन्मावेळच्या लाटेनं चालू केलेला जनुकांचा कार्यक्रम लाट ओसरल्यावरही चालू राहतो.

मादीचा मेंदू ‘काहीच न झाल्यानं’ बनतो, हेही तितकंसं खरं नाही. मेंदू-संशोधक मार्गारेट मॅकार्थी यांच्या गटानं 2015 मध्ये नवजात मादी उंदरांत डीएनएवर मिथिल गट (जनुकं दाबून ठेवणारी रासायनिक खूण) चढवणारी एन्झाइमं रोखली, तर त्या पुढे नरासारख्या वागल्या. म्हणजे नराची काही जनुकं तिथे मुद्दाम दाबून ठेवावी लागतात.

सगळं श्रेय हार्मोनलाही नाही. झेब्रा फिंच पक्ष्यात एकदा अर्धं अंग नराचं, अर्धं मादीचं असा नमुना सापडला. रक्त दोन्हीकडे तेच, तरी गाण्याचं केंद्र नराच्या बाजूला मोठं.

आणि कृपा करून हे सगळं थेट माणसाला लावू नका. काही व्यक्तींत एक्सवाय गुणसूत्रं असतात, टेस्टोस्टेरॉन भरपूर असतं, त्याचं इस्ट्रोजेनही होतं, पण टेस्टोस्टेरॉन ओळखणारा अँड्रोजेन रिसेप्टर अजिबात चालत नाही. त्या मुली म्हणून वाढतात आणि बहुतेक जणी स्वतःला स्त्रीच मानतात. उंदराचा हिशोब माणसाला जसाच्या तसा लागू असता, तर हे असं दिसलं नसतं.