वाचक विचारतात : उलटसुलट मांडा, व्हिनाइल वाचवा

प्रश्न : गणपतीत मंडळासाठी 40 त्रिकोणी स्टिकर छापायचे आहेत, पाया 12 इंच, उंची 12 इंच. 54 इंच रुंदीचं व्हिनाइल (स्टिकरची चिकट फिल्म) दहा फूट लागतंय. कमी होईल का? (वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : होईल, सहा फुटांच्या जरा वर येईल. तुम्ही ओळीत चारच त्रिकोण बसवता. एक सुलटा, एक उलटा लावलात की सात बसतात : सुमारे 50 इंच रुंदी, म्हणजे दोन्ही कडांना मार्जिन राहतं. सहा ओळींत 42 होतात. वरचे दोन खराबीला ठेवा.

दोन कटलाइनींत (ब्लेड जिथून कापतं त्या रेघांत) 6 मिमी अंतर हवंच. प्रत्येक आकाराला 3 मिमी ब्लीड (कटलाइनीबाहेर वाढवलेली छपाई) लागतं, नाहीतर ब्लेड जरा सरकलं की कडेला पांढरी रेघ दिसते. अंतर आकारांभोवतीच्या चौकोनी चौकटींमध्ये नव्हे, तिरप्या कडांमध्ये मोजा. बहुतेकांचं गणित इथंच चुकतं. सॉफ्टवेअरमध्ये आकार चौकटीनं नव्हे, कटलाइननं जुळवायला सांगा आणि फिरवण्याची मुभा 180 अंशांची द्या. ब्रश्ड (धातूवरच्या घासल्यासारख्या रेघांच्या) किंवा दिशा असलेल्या फिल्मवर मात्र हे करू नका, उलटे तुकडे वेगळे चमकतात.

सगळी लांबी एका दमात कापू नका. दर दोन ओळींना रजिस्ट्रेशन खुणा (कापणाऱ्या यंत्राला, म्हणजे प्लॉटरला, जागा दाखवणाऱ्या छापील खुणा) द्या. रोल तिरका सरकला तरी प्लॉटर पुन्हा जुळवून घेतो. सॉल्व्हेंट शाई असेल तर कापण्याआधी निदान 24 तास वाळू द्या. घाई केली की कडा वळतात.