खुनी पहिल्याच पानावर, मग पुढे वाचायचं काय?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार वि. वि. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर कारकुनी करून निवृत्त झालो. रहस्यकथांचा नाद शाळेपासूनचा. बाबुराव अर्णाळकरांचा झुंजार नि काळा पहाड गणिताच्या वहीत घालून वाचले, पुढे अगाथा ख्रिस्ती मिळेल त्या भाषेतून वाचली. आता भाचीनं दोन कादंबऱ्या आणून दिल्यात. एकीत कोण मरणार हे पहिल्याच वाक्यात, मारणारे कोण हेही लगेच कळतं, आणि ज्या गोष्टीवरून खून झाला ती खरी की खोटी हे शेवटपर्यंत सांगतच नाहीत. दुसरीत मेलेला माणूसच विहिरीच्या तळातून बोलायला लागतो. ती तिथंच मिटली. पहिलीही रागानं बाजूला टाकली होती, पण रात्री परत काढली आणि पहाटे संपवली. ताई, आमच्याकडे कागदावर मृत्यूच्या कारणाचा रकाना कोरा दिसला की मी कागद परत पाठवायचो. या लेखकांचे कागद कोणी परत पाठवत नाही का? माझी फसवणूक झाली, की मलाच समजलं नाही?

उत्तर : रात्री परत काढलीत म्हणजे फसवणूक झालेली नाही. पण एवढ्यावर थांबले तर तुम्ही माझाही कागद परत पाठवाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाचीनं दिलेली पहिली कादंबरी गॅब्रिएल गार्सिया मार्केझची, ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’, मूळ स्पॅनिश, १९८१ सालची. विहिरीतलं प्रेत ओरहान पामुकचं, ‘माय नेम इज रेड’, मूळ तुर्की, १९९८. भाची चोखंदळ दिसते.

आता तुमच्याच टेबलावरचा कागद काढा. दवाखान्यात माणूस गेला की डॉक्टर जो नमुना ४ भरून देतात, त्यात कारणाची ओळ एकच नसते. वर तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याच्याही खाली त्याचं मूळ काय, आणि शेवटी हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी. वर सक्त सूचना की नुसतं ‘हृदय बंद पडलं’ असं लिहू नका, ती मरणाची रीत झाली, कारण नव्हे. हे तुम्हाला मी काय सांगायचं! अर्णाळकर असोत की ख्रिस्तीबाई, त्यांचा सगळा खेळ वरच्या ओळीचा असतो. सुरा कुणी चालवला, पेल्यात कुणी काय टाकलं. मार्केझ ती ओळ आधीच भरून तुमच्या हातात ठेवतो आणि खालच्या ओळींसाठी घरोघर फिरतो.

आठवून बघा. बिशपची बोट यायची म्हणून सांतियागो नासार पहाटे साडेपाचला उठतो. विकारिओ कुटुंबातले जुळे भाऊ डुकरं कापायच्या सुऱ्या घेऊन दुधाच्या दुकानात त्याची वाट बघत बसलेत आणि येईल त्याला सांगताहेत की आम्ही त्याला मारणार. का सांगताहेत? कुणीतरी अडवावं म्हणून. गावचा मेयर येतो, सुऱ्या काढून घेतो, जा झोपा घरी म्हणतो. ते दुसऱ्या सुऱ्या घेऊन हजर. मेयरला पुन्हा कळतं, तो निघतोही, पण वाटेत क्लबात डोकावतो, रात्रीचा डॉमिनोचा डाव ठरलाय ना ते बघायला. पाद्र्याला निरोप पोचलेला असतो, बिशपच्या गडबडीत तो विसरतो. कुणी दाराखालून चिठ्ठी सरकवलेली असते, ती पायापाशी पडून राहते. आणि शेवटी आई. पोरगा घरात आहे अशा समजुतीनं ती मारेकऱ्यांच्या तोंडावर दार लावून घेते, आणि तो असतो बाहेर, दाराकडे धावत येत.

या दारापाशी मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले होते. शेवट ठाऊक असताना छातीत धडधडावं, हे झुंजारच्या कुठल्या पुस्तकानं तुम्हाला केलं होतं? तिथं आपण पानं उलटतो ती कळावं म्हणून. इथं उलटतो ती कुणीतरी अजूनही हात धरील या वेड्या आशेनं.

शवविच्छेदनाचं प्रकरण तुम्ही खात्याच्या नजरेनं वाचलं असणार. डॉक्टर गावात नाही, म्हणून पाद्रीच शाळेच्या इमारतीत प्रेत फाडतो, मदतीला औषधवाला आणि वैद्यकीचा एक कच्चा विद्यार्थी. जखमा मोजून अहवाल लिहितात, सात जीवघेण्या. सगळं शिस्तीत, आणि सगळं निरुपयोगी. जेवणानंतर वाचण्यातलं नाही ते.

उरला तुमचा कोरा रकाना. नवऱ्यानं लग्नाच्या रात्रीच माघारी आणून सोडलेल्या आंखेलानं, म्हणजे त्या जुळ्यांच्या बहिणीनं, लग्नाआधी संबंध कोणाशी होता या प्रश्नावर सांतियागोचं नाव घेतलं, ते खरं होतं का? गोष्ट सांगणारा २७ वर्षांनी गावात परततो, शंभर जणांना विचारतो आणि हात हलवत राहतो. माझ्या मते त्या पोरानं काही केलं नव्हतं. पण लेखकानं तशी ओळ लिहिली असती तर गावाची सुटका झाली असती. चुकून निरपराध मारला गेला, हळहळ वाटते, विषय संपला. नाव खरं असो की खोटं, दुधाच्या दुकानात बसलेल्या दोघांना कुणी उठवलं नाही, हे तसंच राहतं.

म्हणजे कोरा सोडलेला प्रत्येक रकाना भारी, असं मी म्हणत नाही. हल्ली पुष्कळ कादंबऱ्यांत शेवट अधांतरी ठेवतात तो लेखकालाच सुचला नाही म्हणून, आणि मागच्या वेष्टणावर छापतात ‘वाचकाला विचार करायला लावणारी’. तसली पुस्तकं खुशाल परत पाठवा, माझी सही घ्या हवी तर. मी एवढंच बघते की एखादी ओळ रिकामी ठेवून बाकीच्या ओळी भरल्यात का. सगळ्याच रिकाम्या असतील तर तो आळस.

आणि काका, बडोदेकरानं कोऱ्या रकान्यावर एवढं चिडावं? आपल्या गावची सगळ्यात गाजलेली रहस्यकथा तशीच सुटली आहे. नोव्हेंबर १८७४. इंग्रज सरकारचा बडोद्यातला प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर सकाळी फिरून येतो, रोजचं पपनसाचं सरबत तोंडाला लावतो, चव बिघडलेली वाटते, उरलेलं फेकून देतो आणि तळाशी गाळ दिसतो. डॉक्टर तपासतात तर सोमल, वर हिऱ्याची पूड. आळ थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर. सहा जणांचं कमिशन बसतं. बंगालचे सरन्यायाधीश कूच अध्यक्ष, मल्हाररावांच्या बाजूनं लंडनहून आलेले नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन. निकाल काय? तिन्ही इंग्रज म्हणतात गुन्हा झाला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव म्हणतात सिद्ध झालेला नाही. तीन विरुद्ध तीन. मग सरकारनं काय करावं? एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, पण विषाच्या आरोपावरून नव्हे, गैरकारभाराच्या कारणावरून. तो रकाना आजतागायत कोरा. गंमत म्हणजे यात मेलं कुणीच नाही, साहेब ठणठणीत राहिला. सरबतात पूड कुणी टाकली याहून इंग्रजांना बडोद्यात काय हवं होतं हा प्रश्न मला जास्त खिळवून ठेवतो, आणि त्याच्या पोटातूनच पुढे कवळाण्याचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला.

विहिरीतल्या प्रेताकडे मात्र परत जा. ती तुमच्याच जातकुळीची कादंबरी आहे, पोशाख वेगळा. साल १५९१, इस्तंबूल, सुलतानासाठी हस्तलिखितं सजवणारे चित्रकार. मेलेला सोनेरी नक्षीकाम करणारा. माझा खुनी शोधा म्हणून तो तुम्हालाच विनवतो. पुढे प्रकरणागणिक बोलणारा बदलतो. कुत्रा बोलतो, झाड बोलतं, खोटं नाणं बोलतं, लाल रंग बोलतो. खुनीही बोलतो, नाव न सांगता. संशयित तीन चित्रकार, तेही आपापल्या नावानं बोलतात. म्हणजे त्यातल्याच एकाचे दोन आवाज तुमच्या कानावर पडताहेत, आणि कोणाचा सूर कोणाशी जुळतो हे ओळखायचं. सह्या जुळवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. मधली चित्रकलेची चर्चा लांबते हे खरं. कंटाळा आला तर एखादं पान ओलांडा, मी ओलांडली आहेत.

तिसरी एक मी माझ्याकडून सुचवते, खास तुमच्यासाठी. माशादो द असिस या ब्राझीलच्या लेखकाची, १८८१ सालची, ब्रास कुबास नावाच्या मयत गृहस्थाचं आत्मचरित्र. पुस्तक अर्पण केलंय ते प्रेताला पहिल्यांदा कुरतडणाऱ्या किड्याला. आणि सुरुवातीलाच नोंद बघा : ऑगस्ट १८६९, शुक्रवार, दुपारचे दोन, वय चौसष्ट, अविवाहित, अंत्यविधीला अकरा मित्र. तुम्ही शिक्का मारायला हात उचलाल, एवढ्यात तो म्हणतो की मी न्यूमोनियानं गेलो खरा, पण खरं कारण माझी एक कल्पना. जगाची उदासी घालवणारं औषधी लेपन शोधायच्या नादात वारा लागला. सांगा, कुठल्या ओळीत काय लिहाल?

प्रश्न : मी फतेगंजला होस्टेलवर राहते, फार्मसी शिकते. ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ निम्मं झालं होतं, तेवढ्यात भावानं फोनवर खुनी सांगून टाकला. आता वाचू का? आणि तिची विषं खरी असतात का?

उत्तर : भावाची राखी यंदा पोस्टानं पाठव, मिठाई वगळून. पुस्तक मात्र पहिल्या पानापासून पुन्हा वाच. १९२६ मध्ये ते आलं तेव्हा बाईनं लबाडी केली म्हणून कित्येक वाचक खवळले होते. नाव माहीत असताना वाचलंस की लबाडी नाही हे दिसेल. प्रत्येक वाक्य खरं आहे, फक्त काही वाक्यांच्या मध्ये जागा सोडली आहे. त्या जागा शोध.

विषं खरीच. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या दवाखान्यात औषधं तयार करायच्या विभागात काम करत होती, तिथंच पहिली कादंबरी सुचली. ती १९२० मध्ये आली, विष स्ट्रिकनिन. त्यातली रासायनिक युक्ती तुझ्या अभ्यासक्रमातली आहे, परीक्षेआधी वाचलीस तरी घरचे ओरडायचे नाहीत.

प्रश्न : वडील जाऊन चार महिने झाले. आई पूर्वी पोथी, मासिकं वाचायची. आता दिवसभर फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचते. येणारे-जाणारे नावं ठेवतात. पुस्तकं लपवून ठेवू का? (वाडी, बडोदे)

उत्तर : अजिबात नाही. लपवायचेच असतील तर नावं ठेवणारे लपवा. ज्या घरात खरं मरण होऊन गेलंय, तिथं दोनशे पानांत निकाल लागणारं मरण वाचावंसं वाटलं तर त्यात नवल काय? आईंना विचारू नका की हेच का वाचतेस. विचारा की खुनी कोण वाटतो. संध्याकाळी तेवढंच बोलणं होईल, वडिलांचा विषय काढायचा तर त्या आपणहून काढतील. जेवण-झोप सुटली असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरांना दाखवा.

पुस्तकांची सोय मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात होईल, मराठी विभाग आहे. अक्षर मोठं बघून आणा, जुन्या रहस्यमाला बारीक टाइपात असतात. नारायण धारप आणलात तर दुपारी द्या. रात्री दिलात तर तुम्हालाही त्यांच्या खोलीत झोपावं लागेल.