एवढ्या लांबच्या मुलांसाठी मी एकटी काय करणार?

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय, म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे डिटेल्स बदललेत.

ताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. घरी चार वर्षांचा मुलगा. युक्रेनमधून रशियात नेलेल्या मुलांबद्दल वाचायला लागल्या आणि थांबताच येईना. युक्रेन सरकारकडे अशा १९ हजारांहून जास्त मुलांची नोंद आहे, काहींना तिकडचं नागरिकत्व देऊन तिकडच्याच घरांत ठेवलंय, आणि याच प्रकरणात मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाने पुतिन यांच्या नावाने वॉरंट काढलं. हे सगळं ताईंना पाठ. म्हणाल्या, "रात्री पोराला पांघरूण घालते तेव्हा वाटतं, याला कोणी दुसऱ्याच नावाने हाक मारायला लागलं तर हा स्वतःचं नाव किती दिवसांत विसरेल?" मला दोन मिनिटं काही बोलताच आलं नाही.

त्यांना जनजागृती मोहीम सुरू करायची होती, पण घरचे म्हणायचे आपल्याला काय करायचंय, आणि त्यांना स्वतःलाही ते हसण्यासारखं वाटायचं. काही केलं नाही तर गिल्ट, केलं तर लाज.

मी आधी त्यांना सांगितलं की थोडे दिवस बातम्या बंद करा. चुकलं माझं. पुढच्या वेळी आल्या त्या आणखी थकलेल्या, कारण आता न बघण्याचाही गिल्ट आला होता. मग म्हटलं चला, मोहिमेवरच बोलू.

त्यांनी वहीत पोस्टर काढलं होतं. रडणाऱ्या मुलाचा खरा फोटो आणि खाली लिहिलेलं, "हे तुमचं मूल असतं तर?" मी एवढंच विचारलं की हे मूल उद्या मोठं होऊन घरी आलं आणि त्याने हे पोस्टर पाहिलं तर? बराच वेळ वहीकडे बघत बसल्या, मग पान फाडलं.

मग मी त्यांना अबोके इथल्या मुलींबद्दल सांगितलं. ऑक्टोबर १९९६, उत्तर युगांडा, लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीच्या लोकांनी शाळेच्या वसतिगृहातून १३९ मुली पळवल्या. शाळेतल्या सिस्टर रॅकेले मागोमाग रानात गेल्या आणि १०९ मुली परत घेऊन आल्या, ३० तिकडेच राहिल्या. त्या मुलींचे आईबाप एकत्र आले, संघटना उभी केली, त्यात एक नर्स होत्या, अँजेलिना अत्याम. त्यांना निरोप आला की तुम्ही बोलायचं थांबवा, तुमची मुलगी सोडतो. त्या म्हणाल्या सगळ्या सोडा. त्यांची मुलगी परत आली ती जवळजवळ आठ वर्षांनी, स्वतः निसटून.

ताई हळूच म्हणाल्या, "मी तर माझीच घेऊन आले असते." मी म्हटलं मी पण, आणि त्यावर आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली, की ही लढाई मुळात त्या आईबापांची आहे, आपण लांबून त्यांचं म्हणणं चार लोकांपर्यंत न्यायचं, वर आपला मसाला घालायचा नाही. २०१२ मध्ये त्याच टोळीच्या म्होरक्यावरचा, जोसेफ कोनीवरचा, 'कोनी २०१२' व्हिडिओ आठवड्याभरात १० कोटी वेळा पाहिला गेला, आणि उत्तर युगांडातल्या लिरा शहरात तो पडद्यावर दाखवला तेव्हा ज्यांची मुलं गेली तीच माणसं चिडली. व्हायरल होणं म्हणजे यश, हे मला तेव्हापासून पटत नाही.

मग आम्ही अगदी रुक्ष गोष्टी ठरवल्या. आठवड्यातून एकच दिवस, गुरुवार, दोन तास. मुलांचे चेहरे नाहीत. मागणी एकच, लोकप्रतिनिधींना पत्र लिहायचं. आणि रात्री नऊनंतर या विषयावरचं काही वाचायचं नाही, ही अट माझी.

पहिल्या मीटिंगला ११ जण आले. साठ खुर्च्या मांडल्या होत्या हो, ताई रडकुंडीला आल्या होत्या फोनवर. नायजेरियात चिबोकच्या शाळेतून एप्रिल २०१४ मध्ये २७६ मुली पळवल्या, तेव्हा जगभर हॅशटॅग फिरला आणि विरला, पण तिथल्या राजधानीत, अबुजामध्ये, थोडी माणसं एका कारंज्यापाशी त्यानंतरही रोज येऊन बसत राहिली. मी त्यांना तेवढंच सांगितलं आणि विचारलं, अकरांपैकी पुढच्या गुरुवारी कोण येणार म्हणालं? सहा, म्हणाल्या. मग खुर्च्या सहाच मांडा.

झोप लगेच आली असं नाही, तीनेक महिने गेले, मध्ये एकदा डॉक्टरांकडेही पाठवावं लागलं. परवा त्यांचा मेसेज आला, मुलाला ताप होता म्हणून या गुरुवारी गेलेच नाही, बाकीच्यांनी पत्रं टाकली, मी पोराशेजारी दुपारभर झोपले.