परके लढवय्ये आणि तुझा मसुदा

चि. यास अनेक आशीर्वाद.

दुसऱ्यांच्या देशांत जाऊन लढणाऱ्या परक्यांवरचा तुझा मसुदा मिळाला. रत्नागिरीत पावसाने उसंत दिलेली नाही, त्यामुळे तो दोनदा वाचून झाला.

‘अरब स्वयंसेवकांनी सोव्हिएत फौजेला हरवलं’ हे वाक्य आधी खोड. डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात आलेल्या सोव्हिएत फौजेची शेवटची तुकडी १५ फेब्रुवारी १९८९ ला अमू दर्यावरचा पूल ओलांडून परतली. तोवर लढणारे अफगाण लाखाच्या वर होते, अरब एका वेळी फार तर दोनेक हजार. पॅलेस्टिनी धर्मोपदेशक अब्दुल्ला अझ्झामने या अरबांसाठी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या पेशावरला कचेरी थाटली, तिचं काम मुख्यतः पैसा, प्रचार आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय. अरबांनी लढलेली १९८७ ची जाजीची लढाई लहानच, गवगवा मात्र केवढा! पैसा अमेरिका-सौदीचा, वाटप पाकिस्तानचं आणि मेले ते अफगाण.

मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर बाहेरचे खलाशी जाळं ओढण्यात कुणाला हार जात नाहीत, पण पाण्याखालचा खडक तांडेलालाच ठाऊक. अफगाण सेनानी मसूदला त्याचं पंजशीरचं खोरं ठाऊक होतं, तसं.

पण म्हणून परक्यांना दोन ओळींत उरकू नकोस. त्यांनी किती लढाया जिंकल्या यापेक्षा लढा कुठे वळवला ते बघ. चेचेनांना रशियापासून वेगळा, स्वतःचा देश हवा होता. सौदीहून आलेल्या खत्ताबची नजर त्यापलीकडे होती. ऑगस्ट १९९९ मध्ये तो आणि चेचेन सेनानी बसायेव माणसं घेऊन शेजारच्या, रशियातल्या दागेस्तानात घुसले. चेचेन अध्यक्ष मस्खादोवने निषेध केला, पण रशियाला चेचन्यावर पुन्हा चाल करायला निमित्त मिळायचं ते मिळालंच. इराकमध्ये पश्चिमेकडच्या अनबार प्रांतातल्या टोळ्या आधी अमेरिकनांशी लढल्या. जॉर्डनहून आलेल्या, अल-कायदाच्या झरकावीच्या माणसांनी त्यांच्याच शेखांचे मुडदे पाडायला सुरुवात केल्यावर २००६ मध्ये त्या टोळ्या त्यांच्यावरच उलटल्या. हे प्रकरण सविस्तर लिही, तुझ्या विषयाचा गाभा इथेच आहे.

आणि एक. ९ सप्टेंबर २००१ ला पत्रकार म्हणून आलेल्या दोन अरबांनी मसूदला बॉम्बने मारलं. सोव्हिएत फौजेला जे नऊ वर्षांत जमलं नाही, ते या पाहुण्यांनी केलं. तू ते तळटीपेत ढकललंयस, वर घे.

‘जिहादी’, ‘स्वयंसेवक’, ‘भाडोत्री’ हे शब्द एकाच परिच्छेदात आलटूनपालटून वापरतोस, तेही थांबव. पगारावर लढणारा वेगळा.

सुधारलेला खर्डा गणपतीच्या आधी पाठव. नंतर घरात कुणाला फुरसत नसते.