बाबा, पायरीला का नमस्कार केलास?

प्रिय चिऊ,

शनिवारी कँटरबरीचं कॅथीड्रल, म्हणजे तिथलं मोठं जुनं चर्च, बघून परत येताना ट्रेनमध्ये तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी "घरी गेल्यावर सांगतो" म्हणालो. घरी आलो, खिचडी झाली, तू सोफ्यावरच झोपलीस. उत्तर राहिलं. तू म्हणाली होतीस, "बाबा, ती तर नुसती पायरी होती. देव वर होता, आणि तोही आपला नव्हता. मग तू पायरीला हात लावून नमस्कार का केलास? लोक बघत होते."

शेवटचं वाक्य तू हळूच म्हणालीस, पण मला ऐकू आलं.

खरं सांगायचं तर मी ठरवून काहीच केलं नाही. हात आपोआप खाली गेला आणि मग कपाळाला लागला. कारणं मागाहून आठवली. ती लिहून काढतोय. मराठी शाळेत आता तुमची जोडाक्षरं झाली आहेत, तेव्हा स्वतः वाच. अडलं तर आईला विचार.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर सगळे वेस्टगेटच्या जुन्या वेशीकडे निघाले आणि मी तुम्हाला उलट्या दिशेला नेलं, म्हणून तू कुरकुर केलीस, आठवतं? तिथलं ते सेंट डन्स्टनचं छोटं चर्च मला बघायचं होतं. ११७४ साली इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री तिथे थांबला, अंगावरचे राजाचे कपडे उतरवून जाडाभरडा सदरा घातला, पायातलं काढलं आणि तिथून कॅथीड्रलपर्यंत अनवाणी चालत गेला. दगडधोंड्यांतून. आत गेल्यावर तिथल्या साधूंनी त्याच्या पाठीवर फटके मारले आणि त्याने ते मुकाट खाल्ले.

का? तर थॉमस बेकेट. हा आधी राजाचा जिगरी दोस्त आणि कारभारी. ११६२ मध्ये राजाने त्याला कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा धर्मगुरू, केला. राजाला वाटलं, आपलाच माणूस, आपलंच ऐकेल. झालं उलटं. चर्चच्या माणसाने गुन्हा केला तर त्याचा न्याय राजाने करायचा की चर्चने, यावरून दोघांचं इतकं बिनसलं की थॉमस सहा वर्षं फ्रान्समध्ये जाऊन राहिला. परत आला आणि महिन्याभरात, २९ डिसेंबर ११७० च्या संध्याकाळी, राजाच्या चार सरदारांनी त्याला कॅथीड्रलमध्येच कापून काढलं. राजा रागाच्या भरात काहीतरी बोलला होता, त्यांनी तो हुकूम समजला. तू भिंतीवरच्या तलवारी मोजत होतीस ना, "बाबा, तलवारी दोनच आहेत पण सावल्या धरून चार होतात"? ती हीच जागा. सावल्यांचं मला दिसलंच नव्हतं, तू दाखवलंस म्हणून कळलं.

थॉमसला लगेच संत मानायला लागले आणि लोकांची रीघ लागली. १२२० मध्ये त्याच्या अस्थी वरच्या बाजूला, रंगीत काचांच्या खिडक्यांमध्ये, सोन्यारत्नांनी मढवलेल्या समाधीत ठेवल्या. पुढची तीनशेहून जास्त वर्षं लोक तिथे चालत यायचे. आपल्या वारीसारखेच, दिवसचे दिवस. गावाबाहेर हार्बलडाऊन नावाची टेकडी आहे, तिथून त्यांना कॅथीड्रल पहिल्यांदा दिसायचं. आपल्याकडे माऊलींची पालखी वेळापूरजवळ आली की वारकरी धावत सुटतात, त्याला धावा म्हणतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी त्यामागची गोष्ट. इथले लोक धावायचे की गुडघे टेकायचे कोण जाणे, पण चालून चालून पाय सुजल्यावर लांबून शिखर दिसलं की पोटात जे होतं, ते सगळीकडे सारखंच होत असणार. यांचीही धर्मशाळा होती. आपण ज्या पुलाजवळ चिप्स खाल्ले, तिथली ईस्टब्रिजची जुनी इमारत गरीब यात्रेकरूंना रात्री टेकायला बांधलेली. यांचंही तीर्थ होतं, शिशाच्या इवल्याशा कुप्यांमधून ते घरी न्यायचे. आमची आजी चंद्रभागेचं पाणी औषधाच्या रिकाम्या बाटलीतून आणायची, तसंच.

मग १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ती समाधी फोडायला लावली आणि सोनंनाणं उचलून नेलं. म्हणून वर पोचल्यावर तू विचारलंस, "इथे काहीच कसं नाही?" मोकळी फरशी आणि तिच्यावर जळणारी एकटी मेणबत्ती. तू जरा हिरमुसलीस. मला मात्र ती रिकामी जागा सगळ्यात जास्त आवडली, का ते मला नीट सांगता येणार नाही.

आता पायरी. त्या समाधीकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या तू नीट बघितल्यास का? कडेला धार अजून शाबूत आहे आणि मधे दगड खोल गेलाय. देवघरातली आपली सहाण आठव. चंदन उगाळून उगाळून ती मधोमध कशी बशीसारखी झाली आहे, अगदी तशी. मी तळवा ठेवला तर तो त्या खळग्यात अलगद बसला. दगड गार होता आणि इतका गुळगुळीत, की घासून कोणी एवढं करू शकणार नाही. पावलांनी आणि गुडघ्यांनी झालेलं काम आहे ते. (१५३८ नंतर आलेल्या, तुझ्यामाझ्यासारख्यांच्या बुटांनीही थोडी झिजवली असेलच. फुकटचं पुण्य त्या यात्रेकरूंच्या खात्यावर कशाला टाका!)

तर मी तिथे हात लावला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे इंग्लंड नव्हतंच. मी सात वर्षांचा होतो आणि आजी, म्हणजे तुझी पणजी, मला मंगळवेढ्याहून एसटीने पंढरपूरला घेऊन गेली होती. वीस-पंचवीस किलोमीटर, पण मला वाटत होतं आपण दुसऱ्या देशात चाललोय. महाद्वारापाशी आलो आणि मी गर्दीत पुढे घुसून पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तोच पाठीत धपाटा बसला. "आरं, त्येच्यावर पाय दितो व्हय? नामदेव हाय तितं!"

मी पाय उचललेला तसाच धरून खाली बघितलं. पायरी होती. नामदेव कुठे दिसेना.

गोष्ट अशी की संत नामदेवांनी मागून काय घेतलं, तर देवळाच्या दारातली पायरी. आत गाभाऱ्यात, देवाशेजारी जागा नको. विठ्ठलाला भेटायला येणाऱ्यांची पायधूळ आपल्यावर पडेल अशी जागा हवी. १३५० मध्ये तिथेच त्यांनी समाधी घेतली असं मानतात. आता गंमत बघ. त्यांना हवे होते लोकांचे पाय, आणि लोक मात्र त्या पायरीला पाय लागू देत नाहीत. ओलांडून जातात आणि वाकून हात लावतात. नामदेवांना हे चाललं असतं का, असं मी एकदा आजीला विचारलं, तर म्हणाली, "शाना हायेस."

पण आजीने मला त्या पायरीच्याही आधी दुसरीकडे वाकायला लावलं होतं. पायरीच्या समोर एक समाधी आहे, चोखोबांची. चोखोबा आपल्या मंगळवेढ्याचे. त्यांच्या जातीला देवळात घेत नसत, म्हणून ते बाहेरूनच विठ्ठलाला हाक मारत राहिले. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत पडली आणि त्याखाली ते आणि बरोबरची माणसं गेली. नामदेव त्यांच्या अस्थी शोधायला आले. ज्या हाडांतून "विठ्ठल विठ्ठल" ऐकू आलं ती चोखोबांची, अशी ओळख पटवून त्यांनी ती पंढरपूरला आणली, अशी कथा आहे. समाधी झाली तीसुद्धा पायरीच्या बाहेरच.

आणि हे काही खूप जुनं नाही, चिऊ. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी दहा दिवस उपाशी बसले, तेव्हा कुठे ते देऊळ सगळ्यांना खुलं झालं. माझी आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. आपल्या घरच्यांना त्या दारात कधी कोणी अडवलं नव्हतं, त्यामुळे मला हे सगळं फार उशिरा कळलं. शाळेत शिकलो होतो, पण कळलं नव्हतं. कळल्यावर मग आजी आधी चोखोबा, मग नामदेव, मग विठ्ठल या क्रमाने का जायची, तेही उमगलं.

आषाढीला आतल्या दर्शनाची रांग तासन् तास चालते. सगळ्यांचा नंबर लागतच नाही. शेकडो मैल चालत आलेली माणसं पायरीला हात लावतात, कळसाकडे बघून हात जोडतात आणि तशीच माघारी फिरतात. त्यांना विचार, विठोबा भेटला का? भेटला म्हणतील. म्हणून आमच्या हाताला पायरी ही देवाच्या बाहेरची वाटत नाही. पंढरपूरच्या पायरीला लागलेलं वळण कँटरबरीच्या पायरीवर आपोआप बाहेर आलं, एवढंच. देव कोणाचा हे विचारायला हात थांबला नाही.

तुझा दुसराही एक प्रश्न होता, इथे बूट का नाही काढायचे. यांची रीत वेगळी. इथे अनवाणी येणं म्हणजे प्रायश्चित्त, राजाने केलं तसं. आपल्याकडे अनवाणी जाणं रोजचंच. बाहेरची धूळ आणि कातडं देवापुढे न्यायचं नाही, बस. आणि टोपीचं तर बरोबर उलटं. दारातल्या त्या आजोबांनी मला खूण केली आणि मी कानटोपी काढली, तेव्हा तुम्ही दोघी हसलात. माझ्या आजोबांना कोणी देवापुढे टोपी काढायला सांगितलं असतं, तर ते तिथूनच परत फिरले असते. उघड्या डोक्याने कीर्तनात उभं राहणं त्यांना जमलंच नसतं.

लोक बघत होते हे मात्र खरं. एक बाई तर थांबूनच बघत होत्या. मी पुढे गेल्यावर मागे वळून पाहिलं, तर त्याही वाकून पायरीवरून बोटं फिरवत होत्या. हे तुला सांगायचं राहिलं.

उन्हाळ्यात मंगळवेढ्याला गेलो की पंढरपूरला जाऊ. चपला बाहेरच्या प्रसादाच्या दुकानात ठेवायच्या आणि त्याबद्दल पेढे घ्यावे लागतात, त्याची तयारी ठेव. आणि पहिल्या पायरीपाशी पाय जपून. धपाटा घालायला पणजी आता नाही, पण तुझी आजी आहे, आणि तिचा हात पणजीपेक्षा जड आहे.

तुझा
बाबा