काडीपैलवान

"मॅडम, माझा बॉडी टाइपच असा आहे." समुपदेशनासाठी समोर आलेला खुर्चीत नीट टेकायच्या आत हे वाक्य आता मला ऐकू येतं. मुलगे स्वतःला एक्टोमॉर्फ (सडपातळ) किंवा एंडोमॉर्फ (गोलमटोल) म्हणवतात, मुली 'पेअर शेप'. त्यांच्या आयांकडे 'कफ प्रकृती' असतेच.

हा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगचा. (ओळखीचे तपशील बदललेत.) भर मे महिन्यात शर्टाच्या आत दोन बनियन, जरा भरल्यासारखं दिसावं म्हणून. शाळेतलं नाव काडीपैलवान.

"एक्टोमॉर्फ माणसं मुळातच बुजरी असतात. मला प्रेझेंटेशन जमणारच नाही."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या, समजुती तर्काला घासून बघणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत तयार झालेली, त्यामुळे पुरावा मागायची खोड. "हे ठरवलं कुणी?" त्याला माहीत नव्हतं. मग शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १९४० च्या सुमारास हजारो कॉलेजकुमारांचे फोटो पाहून त्याने ही वर्गवारी मांडली. पण माणसं तीन खोक्यांत टाकली नव्हती. प्रत्येकाला गोलाई, स्नायू आणि सडपातळपणा या तिन्ही बाबतींत १ ते ७ गुण दिले होते. पुढे अंगकाठीला स्वभाव जोडला, तिथे घोळ झाला. शरीराला गुण देणारा तोच आणि स्वभावाला देणाराही तोच.

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली. मग म्हणाला, "म्हणजे सडपातळ दिसला की आधीच बुजरा धरायचा?"

"तू आरशासमोर काय करतोस?"

हसला. पहिल्यांदाच. त्या हसण्यात निम्मं काम झालं, असं मला आजही वाटतं. पुढचा गृहपाठ साधा होता: एकच बनियन आणि वर्गात रोज एक प्रश्न. प्रेझेंटेशन दिलं, आवाज कापला, मार्क बरे पडले.

पालकांनो, हाडापेराची ठेवण बरीचशी आनुवंशिक असते, भित्रेपणा त्या हाडांत नसतो. मूल जेवण टाळत असेल, मुलीची पाळी थांबली असेल किंवा जिममधून कसली इंजेक्शनं सुरू झाली असतील, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टर गाठा. एरवी वजनकाटा हॉलमधून हलवा. आणि दारातूनच "किती वाळलास रे!" म्हणणाऱ्या आत्याबाईंना चहा देऊन विषय बदला.