चार पिनांचं पाकीट

"मॅडम, घरातले सगळे माझ्यासाठी इतकं करताहेत, तरी मला एकटं का वाटतं?"

कर्करोगाचं निदान नुकतंच झालेल्या माणसांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून वारंवार ऐकते. कधी तो उलट्या बाजूनं येतो. नवरा विचारतो, मुलगी विचारते, "आम्ही सगळे आहोत ना तिच्यासोबत, मग ती बोलत का नाही?" प्रश्न एकच, दोघांनी दोन टोकांना धरलेला. त्याचं थेट उत्तर देण्याऐवजी एका कुटुंबाची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आठ-नऊ बैठकांमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

त्या सत्तेचाळीस वर्षांच्या. दुखत काही नव्हतं, हाताला गाठ लागत नव्हती. वयानुसार करून घ्यावी म्हणून मॅमोग्राफी केली, ती करताना मनात दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी चालू होती. मग सोनोग्राफी, मग बायोप्सी, आणि पंधरवड्याच्या आत स्तनाचा कर्करोग असल्याचं नक्की झालं. पहिल्या भेटीला नवरा सोबत होता. त्यांच्या काखेत एक जाडजूड फाईल. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या कव्हरात, तारखेनुसार लावलेला, बाजूला रंगीत पट्ट्या.

"झोप कशी लागते?" मी बाईंना विचारलं.

"लागते तिला, व्यवस्थित लागते," नवरा म्हणाला.

"मनात काय काय येतं?"

"तशी ती धीराची आहे. आम्ही तिला एकटं सोडतच नाही."

मी खुर्ची थोडी वळवून थेट त्यांच्याकडे बघत तिसरा प्रश्न विचारला. उत्तर तरीही शेजारूनच आलं. शेवटी मी त्या फाईलचं कौतुक केलं, असा नवरा सगळ्यांना मिळो वगैरे म्हणाले. त्या हसल्या. ते हसणं मला समाधानाचं वाटलं. इतकी वर्षं या कामात घालवूनही मी ते साफ चुकीचं वाचलं होतं. फाईलच्या शेवटच्या कप्प्यात एक खाकी पाकीट होतं, त्याच्या तोंडाला स्टेपलरच्या चार पिना मारलेल्या. ते मला दिसलं, पण त्याबद्दल मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी मी त्यांना एकटीलाच बोलावलं. नवरा बाहेर बसला.

"घरी हल्ली टीव्हीवर फक्त विनोदी कार्यक्रम लागतात," त्या म्हणाल्या. "मुलगी म्हणते, आई, निगेटिव्ह बोलू नकोस, त्यानं आजार वाढतो. मग मी बोलत नाही. रडायचं असलं तर बाथरूम आहे. नळ सोडला की आवाज येत नाही."

"दिवसभर काय करता?"

"कपाटं आवरली सगळी. बँकेचे पासवर्ड एका वहीत लिहून काढले. धाकट्याला वॉशिंग मशीन लावायला शिकवलं."

त्याच सकाळी नवऱ्यानं मला फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, बरीच सावरलीय ती. कपाटं आवरायला घेतलीत." कपाट तेच. ते त्याला उभारी समजत होते, आणि बाईंची निरवानिरव चालू होती.

"एवढी घाई कसली?"

"तिसरी स्टेज आहे ना."

"कोण म्हणालं?"

"कुणीच म्हणत नाही. म्हणून तर कळलं."

बायोप्सीचा रिपोर्ट पाकिटात जाण्याआधी त्यांनी तो ओझरता पाहिला होता. 'ग्रेड ३' एवढंच डोळ्यांत भरलं. इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून जरा थांबून सांगते. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात याची मोजणी. स्तनाच्या कर्करोगात ती १ ते ३ अशी करतात, आणि ३ म्हणजे पेशी जोरानं वाढणाऱ्या. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचला आहे त्याचा अंदाज, गाठीचा आकार, काखेतल्या लसिकाग्रंथी, इतर अवयव हे सगळं बघून ठरवलेला. ग्रेड ३ असूनही स्टेज पहिली असू शकते. मी त्यांना हे तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हालाही ह्यांनी सांगून ठेवलंय का?"

त्या वाक्यानं माझे डोळे उघडले. डॉक्टरांनी "लवकर सापडलंय" असं त्यांना आधीच सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. पण डॉक्टरांच्या खोलीत त्यांच्याआधी नवरा पाच मिनिटं एकटा जाऊन आला होता. ते त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे खरी बातमीसुद्धा ठरवून सांगितलेली वाटली. घरच्यांना वाटत होतं, आपण तिच्यापासून भीती लपवतोय. प्रत्यक्षात त्यांनी तिच्यापासून दिलासा हिरावून घेतला होता. घरात इतकी माणसं असून ती एकटी होती, कारण तिच्या मनात जे चाललं होतं त्याबद्दल बोलायची घरात कुणालाच परवानगी नव्हती. तिलाही नाही आणि इतरांनाही नाही.

तिसऱ्या बैठकीला मी चौघांनाही बोलावलं. नवरा-बायको, वीस वर्षांची मुलगी, चौदा वर्षांचा मुलगा. धाकट्याला आणायला नवरा तयार नव्हता. "त्याला फारसं माहीत नाही," असं त्यांचं म्हणणं. चौदा वर्षांच्या मुलाला फारसं माहीत नसतं, हे फक्त मोठ्यांना वाटतं.

न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या मनाकडे बघण्याचं एक स्वतंत्र शास्त्र उभं केलं. त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणलेलं एक साधं साधन मी वापरते: ० ते १० आकड्यांचा ताणाचा तापमापक. ४ किंवा त्याहून वर आकडा गेला, तर त्या माणसाकडे नीट लक्ष द्यायचं. तो खरा रुग्णासाठी आहे, पण मी सगळ्या घराला देते. चौघांना चार चिठ्ठ्या दिल्या. एकमेकांना न दाखवता आपापला आकडा लिहा म्हटलं आणि मग चिठ्ठ्या टेबलावर उलगडल्या.

आईचा ६. मुलीचा ७. वडिलांचा ९. धाकट्याचा १०.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलगी म्हणाली, "अरे, तू तर दिवसभर गेम खेळत असतोस."

"तुम्ही सगळे बोलायचे थांबता मी खोलीत आलो की," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, टेबलाकडे बघत, "मी आईशी भांडलो होतो. खूप ओरडलो होतो. त्याच आठवड्यात ते निघालं."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. "अरे वेड्या," म्हणाली. तिनं त्याचं डोकं ओढून घेतलं आणि त्या खोलीत, सगळ्यांसमोर, नळ न सोडता, ती रडली. मुलगी उठायला लागली, तोंडात "आई, असं नको" तयारच होतं. मी हातानंच तिला थांबवलं. माझ्या कामातला मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो अशा वेळी गप्प बसता येण्याचा. ते शिकायला मला बरीच वर्षं लागली.

मग नवऱ्यानं आपणहून फाईल उघडली आणि ते पाकीट काढलं. "पेशी फार बिघडलेल्या आहेत असं लिहिलंय यात," ते म्हणाले. "वाचलंस तर खचशील असं वाटलं. मीच खचलो होतो." नखानं ते पिना उचकटायला लागले. दोन निघाल्या, तिसरीनं बोटाला टोचलं, चौथी वाकून बसली. ती धाकट्यानं घराच्या किल्लीनं काढली. बाईंनी रिपोर्ट हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "एवढंच होय? मी तर याहून वाईट वाचून बसले होते."

पुढच्या आठवड्यात दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. प्रश्न वहीत लिहिलेले, विचारणार ती, लिहून घेणार तो. आधी एकट्यानं आत जाणं बंद. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, काखेत तपासणीत काही नाही, स्टेज सध्याच्या अंदाजानं पहिली, पक्कं शस्त्रक्रियेनंतर कळेल. पण ग्रेड ३ असल्यामुळे केमोथेरपी घ्यावी लागेल, असंही डॉक्टर म्हणाले. बातमी गोड नव्हती. पण या वेळी तिनं ती डॉक्टरांच्या तोंडून ऐकली आणि ती तिला खरी वाटली.

मुलीचा प्रश्न मात्र राहिलाच होता. ती पुढच्या वेळी तावातावानं म्हणाली, "पण पॉझिटिव्ह राहिलंच पाहिजे ना? मनाचा शरीरावर परिणाम होतो, सगळेच सांगतात."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. १९५५ च्या सुमारास त्यानं मांडायला घेतलेल्या पद्धतीत माणसाच्या बोलण्यातले हट्ट शोधायचे असतात, आणि मराठीत ते काम सोपं आहे, कारण आपला हट्ट बहुतेक वेळा एका अक्षरात बसतो. मी तिला म्हटलं, "राहिलं पाहिजे की राहिलंच पाहिजे?"

ती थबकली.

"आई आनंदी असावी ही तुझी इच्छा आहे. रास्तच आहे. पण तो 'च' आला की आई रडली म्हणजे तिनं चूक केली, असं होतं. आजार आहेच, वर अपराध कशाला?"

तिला पुरावाही हवा होता, आजकालच्या मुलांना तो द्यावाच लागतो. २००७ मध्ये जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांची मनःस्थिती चांगली की वाईट, यावरून ते किती जगतील हे सांगता येत नाही, असं त्यात दिसलं. मन सांभाळायचं ते जगणं सुसह्य व्हावं म्हणून, उपचार नेटानं पुरे व्हावेत म्हणून. रडण्यानं गाठ वाढत नाही. हे ऐकून मुलगी हिरमुसली आणि तिच्या आईनं मोठा श्वास सोडला. "म्हणजे मी घाबरले तरी चालेल?" तिनं विचारलं.

चालेल. माझ्या धंद्यातले काही लोक एलिसचं नाव घेऊन रुग्णाला सांगतात, की घटना वाईट नसते, तुमचा विचार वाईट असतो. मला ते पटत नाही. कर्करोग ही वाईटच घटना आहे. "आता सगळं संपलं" हे मात्र आपण त्याला जोडलेलं शेपूट असतं, आणि काम करायचं ते त्या शेपटावर.

ते शेपूट बहुधा इंटरनेटवरच्या आकड्यांतून फुटतं. त्यासाठी मी स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाची गोष्ट सांगते. १९८२ मध्ये त्याला पोटाच्या अस्तराचा दुर्मीळ कर्करोग निघाला. त्यानं ग्रंथालयात जाऊन वाचलं तर निदानानंतरच्या आयुष्याची मध्यगा (मीडियन) आठ महिने. सुन्न झाला, मग शास्त्रज्ञ जागा झाला. मध्यगा आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात, आणि त्या निम्म्यांतले काही खूपच जास्त. आपण कुठल्या निम्म्यात, हे तो आकडा सांगत नाही. गूल्ड त्यानंतर वीस वर्षं जगला, २००२ पर्यंत. तुमचंही तसंच होईल असं मी कुणालाही म्हणत नाही. आकडा गटाचा असतो, तुमच्याबद्दल विचारायचं तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, इतकंच सांगते.

बाकी घरानं करायच्या गोष्टी साध्या असतात, फक्त कुणीतरी नेमून द्याव्या लागतात. "काही लागलं तर सांग" हे वाक्य मी या घरात बंद केलं. आजारी माणसाला मागायला लावणं हे त्याच्यावर टाकलेलं आणखी एक काम असतं. त्याऐवजी "मंगळवारी मी येतो" म्हणा आणि मंगळवारी या. चौकशीचे फोन मुलीनं घ्यायचे, कारण दिवसातून सात वेळा तोच इतिहास सांगून आई थकत होती. धाकट्याला आम्ही थर्मामीटर दिला. केमोच्या काळात पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून ताप ३८ अंश सेल्सियसला, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला की सकाळची वाट न बघता रुग्णालयाला फोन करायचा. हे काम त्यानं इतकं मनावर घेतलं की आई वैतागली. पण पुढच्या वेळी चिठ्ठीवर त्याचा आकडा ५ होता. मुलांना काय सांगायचं, असं पालक विचारतात. आजाराचं नाव सांगा, तो कुणाला लागत नाही हे सांगा, आणि तुझ्यामुळे झालेला नाही हे न विचारताच सांगा.

सगळ्यांत अवघड गेलं ते नवऱ्याला. त्यांचा ९ खाली येईना. धीर देणं त्यांना जमत होतं, घेणं जमत नव्हतं. त्यांच्यासाठी आम्ही रोजची पंधरा मिनिटं ठरवली. त्या वेळात दोघांनी फक्त भीतीबद्दल बोलायचं, उपाय सुचवायचे नाहीत. पहिले दोन दिवस ते घड्याळाकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणे ते तासभर बोलले आणि ही ऐकत राहिली. सतत झोप उडालेली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मात्र घरच्या गप्पांवर आणि माझ्यासारखीवरही थांबू नये, मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. रुग्णानं आणि सोबत्यानंही. या नवऱ्याला मी तिकडे पाठवलं, त्याचा उपयोग झाला.

मागच्या महिन्यात दोघं आले. केमोचा चौथा डोस झालेला, डोक्याला स्कार्फ. फाईल आता तिच्या मांडीवर होती. मी सवयीनं विचारलं, "झोप कशी लागते?"

नवऱ्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"काल तीन वाजता जाग आली," ती म्हणाली. "वाईटसाईट यायला लागलं मनात. ह्यांना उठवलं."

"मग?"

"मग काय, दोघं जागे."